जुन्या छोट्या गाडीचा गिअरबॉक्स: आवाज आणि ऑइल गळती, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे १९९९ ची मारुती ८०० आहे, चार गिअरची, एमएच १५ पासिंग, वडिलांनी घेतलेली आणि अजून रोज चालते. नाशिकच्या सिडकोत आमच्या गल्लीत अजून दोन ८००, एक झेन आणि एक ओम्नी आहे, त्यामुळे कुणाच्या गाडीतून घूं घूं आलं की माणूस आधी माझ्याकडे येतो. तेच ते प्रश्न येतात म्हणून एकदा सगळं लिहून काढलं. मी मेकॅनिक नाही, पण या गाडीखाली खूप झोपलोय आणि एक गिअरबॉक्स माझ्या दुर्लक्षामुळे गेलाय, ती गोष्ट खाली येईलच.

आवाज येतोय, पण तो गिअरबॉक्सचाच आहे हे कसं कळणार?

आधी हेच ठरवा, कारण गिअरबॉक्स उतरवला की मजुरी लागते ती लागतेच, आत काही निघो वा न निघो. गाडी सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक लावा, न्यूट्रलला ठेवून इंजिन चालू ठेवा. पाय क्लचवर नको. आता ऐका. मग क्लच पूर्ण दाबा आणि परत ऐका.

क्लच सोडलेला असताना घरघर येतेय आणि दाबला की बंद होतेय, तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (इंजिनकडून फिरणं आत आणणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर. क्लच दाबला की इंजिन आणि बॉक्सचा संबंध तुटतो, इनपुट शाफ्ट थांबतो, म्हणून आवाजही थांबतो. उलट असेल, म्हणजे एरवी शांत आणि दाबला की किर्रर्र, तर ते रिलीज बेअरिंग, म्हणजे दाबल्यावर क्लचला ढकलणारं. त्यासाठीही बॉक्स खाली घ्यावा लागतो पण बॉक्स उघडावा लागत नाही, हा फरक मेकॅनिकशी बोलताना लक्षात असू द्या, दोन कामांच्या बिलात फार अंतर असतं. दाबा-सोडा काहीही करा, आवाज तोच राहिला तर तो बहुतेक इंजिनच्या बाजूचा, वॉटर पंप, अल्टरनेटर, टायमिंग बेल्टचा टेन्शनर, तिकडे बघा.

न्यूट्रलला थोडी खडखड जुन्या तीन सिलेंडरच्या इंजिनला असतेच, ती वर्षानुवर्षं तेवढीच असेल तर जीव काढू नका. वाढतेय का ते बघायचं.

उभ्या गाडीत काहीच नाही, चालताना घूं घूं येतं, स्पीड वाढला की आवाज वाढतो.

सगळ्यात जास्त फसवणारा आवाज हाच. यात चार जणांवर संशय घ्यायचा: टायर, व्हील बेअरिंग, एक्सल (बॉक्सकडून चाकाला फिरवणारा दांडा) आणि मग गिअरबॉक्स. याच क्रमाने, कारण तपासायला स्वस्त ते महाग असा हा क्रम आहे.

टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. अशोकस्तंभ ते त्र्यंबक नाका स्मार्ट रोड काँक्रीटचा आहे, त्याच्यावरून जा आणि लगेच साध्या डांबरी रस्त्यावर या, आवाजाचा सूर बदलला तर टायर. व्हील बेअरिंगचा आवाज रस्ता बदलून बदलत नाही, वजन बदललं की बदलतो. मोकळ्या रस्त्यावर चाळीस-पन्नासच्या स्पीडला गाडी हलकीशी डावी-उजवी घ्या, उजवीकडे घेताना वजन डाव्या चाकांवर जातं, तेव्हा आवाज वाढला तर डावं बेअरिंग, आणि उलट. हे मी सकाळी सहाला गंगापूर धरणाकडच्या रस्त्याला करतो, तेव्हा मागेपुढे कुणी नसतं. कॉलेज रोडच्या ट्रॅफिकमध्ये हा प्रयोग करू नका.

एक्सलचं पुढच्या प्रश्नात येईल. आता गिअरबॉक्स. चारही गिअरला सारखाच आवाज येतोय तर मेन बेअरिंग किंवा डिफरन्शियल (वळताना डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच). फक्त एकाच गिअरला, म्हणजे समजा तिसऱ्यालाच येतोय आणि चौथा टाकला की गायब, तर त्या गिअरचे दात किंवा त्याचं बेअरिंग. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की एक सूर आणि पाय काढला की दुसरा सूर, हे डिफरन्शियलचं लक्षण. या छोट्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांमध्ये डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असतो आणि दोघांना ऑइल एकच, म्हणजे ऑइल संपलं तर दोघंही एकदम उपाशी.

न्यूट्रल करून गाडी वाहू द्यायची टेस्ट पण आहे, इंजिनचा आवाज बाजूला काढायला बरी पडते. पण सपाट रस्त्यावर. कसारा घाटात किंवा मोहदरी घाटात उतरताना न्यूट्रल अजिबात नाही, ब्रेक तापून निकामी होतात.

वळताना टक टक टक येतं.

स्टेअरिंग पूर्ण कापून हळू गाडी घेताना टकटक आली तर बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे एक्सलचा चाकाकडचा सांधा, गिअरबॉक्स नाही. चाकाच्या आतल्या बाजूला वाकून बघा, रबरी बूट फाटलेला असेल आणि रिमवर आतून काळं ग्रीस उडालेलं असेल. बरेच जण ते ग्रीस बघून ‘गिअरबॉक्स लीक आहे’ म्हणतात. ग्रीस घट्ट असतं, बोटाला चिकटतं, ओघळत नाही. बूट फाटला त्याच आठवड्यात बदलला तर जॉइंट वाचतो, आपल्याकडच्या पावसाळ्यात फाटक्या बुटातून चिखल-पाणी गेलं की वाचत नाही.

पिकअप घेताना किंवा पाय काढला की ‘धड’ असा एक दणका बसतो.

बहुतेक फाउंडेशन गेलंय, म्हणजे इंजिन-बॉक्स ज्या रबरी माउंटिंगवर बसवलेले असतात ते. बॉनेट उघडा, हँडब्रेक आणि ब्रेक दोन्ही दाबून कुणाला तरी क्लच अर्धा सोडायला सांगा, एकदा पहिल्या गिअरला, एकदा रिव्हर्सला, आणि तुम्ही बाजूला (गाडीच्या समोर नाही!) उभं राहून इंजिन किती उड्या मारतंय ते बघा. फाउंडेशन तुटलेलं असेल तर गिअरही उडतो, म्हणजे चालता चालता आपोआप न्यूट्रल होतो, आणि लोक ते गिअरबॉक्सचं समजून बॉक्स उघडतात. ८०० मध्ये गिअरचा दांडा रॉडने बॉक्सला जोडलेला आहे, त्या रॉडचे बुश झिजले तरी दांडा खुळखुळा होतो आणि गिअर नीट बसत नाही. बुश किरकोळ किमतीत मिळतात. आधी हे दोन्ही बघून घ्या. आणि गाडी चालवताना गिअरच्या दांड्यावर हात ठेवून बसायची सवय असेल तर सोडा, त्या वजनाने आतला गिअर सरकवणारा फोर्क झिजत राहतो.

रिव्हर्सला कुंईईई आवाज येतो, आणि टाकताना कर्रर्र.

कुंईई नॉर्मल आहे. पुढच्या गिअरचे दात तिरके कापलेले असतात म्हणून ते शांत चालतात, रिव्हर्सचे दात सरळ असतात म्हणून ते गातात. नवीन गाडीतही असतं.

कर्रर्रचं वेगळं. रिव्हर्सला सिंक्रो (गिअर टाकताना वेग जुळवणारी पितळी रिंग) नसतो, त्यामुळे क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबा, आतला शाफ्ट थांबू द्या, मग टाका. एवढं थांबूनही कर्रर्र होत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाहीये, केबल अ‍ॅडजस्ट करा. पॅडलला वर थोडा रिकामा प्ले पाहिजे, पण जास्त नको.

थंडीत सकाळी दुसरा गिअर जात नाही, नंतर जातो.

आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत, आणि निफाडकडे तर विचारूच नका, ऑइल पहाटे मधासारखं घट्ट होतं. सिंक्रो रिंगला ते घट्ट ऑइल पिळून काढून गिअरला पकडायचं असतं, त्याला वेळ लागतो. दोन-तीन किलोमीटर हळू चालवा, जबरदस्ती करू नका. पण गाडी गरम झाल्यावर, मे महिन्यातसुद्धा, दुसऱ्या किंवा तिसऱ्याला कर्रर्र होत असेल तर सिंक्रो झिजला, आणि तो मात्र बॉक्स उघडल्याशिवाय बदलता येत नाही.

पार्किंगमध्ये डाग पडतोय. कशाचा?

रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा टाका, टीव्ही-फ्रिजच्या खोक्याचा चालतो, आणि त्यावर पेनने पुढची चाकं कुठे आहेत ते आखून ठेवा. सकाळी डाग कुठे आहे ते बघा, मग बोट लावा, मग वास घ्या.

गिअर ऑइल घट्ट असतं, बोटांमध्ये चोळलं तर तार सुटल्यासारखं वाटतं, आणि त्याला गंधकाचा उग्र वास असतो जो हाताला साबण लावूनही संध्याकाळपर्यंत जात नाही. एकदा घेतलात की जन्मभर ओळखाल. इंजिन ऑइल त्यापेक्षा पातळ आणि वापरलेलं असेल तर काळं. कूलंट हिरवं किंवा लाल, पाण्यासारखं, गोडसर वास. एसीचं पाणी म्हणजे नुसतं पाणी, सोडून द्या. आणि चाकाच्या आतल्या बाजूला किंवा पॅडलच्या खाली पातळ, बुळबुळीत, फिकट पिवळं काही दिसलं तर ते ब्रेक ऑइल असू शकतं. तसं असेल तर गाडी जागची हलवू नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

ऑइल गिअरबॉक्सवरच दिसतंय, म्हणजे गिअरबॉक्सच ना?

नाही! वरून टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग कडक होऊन गळत असेल तर इंजिन ऑइल मागून खाली ओघळतं, वाऱ्याने मागे ढकललं जातं आणि बॉक्सच्या अंगावर येऊन बसतं. त्यावर धूळ बसते, सगळं काळं होतं, आणि मग कुणालाच काही कळत नाही. कळण्याचा एकच रस्ता आहे, सगळं धुवा. गाडी थंड असताना रॉकेल किंवा डिझेल आणि जुना ब्रश घेऊन बॉक्स, जोड, एक्सलची तोंडं घासून स्वच्छ करा (पेट्रोल वापरू नका, आग लागते), चिंधीने कोरडं करा, मग सगळ्या जोडांवर साधी अंगाला लावायची पावडर भुरभुरवा. दहा-पंधरा किलोमीटर फिरून या आणि टॉर्चने बघा. पांढऱ्या पावडरीवर ओली रेघ जिथून सुरू होते तिथे गळती. नेहमी सगळ्यात वरची ओली जागा धरायची, खालचं सगळं ओघळ असतो.

बॉक्सवर गळायच्या जागा ठरलेल्या आहेत. दोन्ही एक्सल जिथे बॉक्समध्ये शिरतात तिथले ऑइल सील (ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्या), ही पहिली. मग गिअर शिफ्टचा रॉड आत जातो तिथलं सील, स्पीडोमीटरची केबल बसते तिथली ओरिंग, ड्रेन नटचा वायसर, आणि बॉक्सचे दोन भाग जुळतात तो जोड. केबलची ओरिंग अगदी फालतू वस्तू आहे पण ती गळायला लागली की अख्खा बॉक्स ओला करते.

इंजिन आणि बॉक्सच्या जोडाच्या अगदी तळाला थेंब लटकत असेल तर वास घ्या. इंजिन ऑइल असेल तर क्रँकचं मागचं सील, गिअर ऑइल असेल तर इनपुट शाफ्टचं सील. दोन्हीला बॉक्स उतरवायला लागतो, आणि ऑइल क्लच प्लेटवर गेलं तर चढाला क्लच घसरतो, जळका वास येतो. अशा वेळी बॉक्स खाली आलाच आहे तर दोन्ही सील, क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बघून घ्या, मजुरी एकदाच जाते.

अजून एक, सील बदललं तरी परत गळतंय असं असेल तर बॉक्सचा ब्रीदर (आतली हवा बाहेर जायचं बारीक तोंड) बघा. बॉक्स गरम झाला की आतली हवा फुगते, ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर ती हवा ऑइल सीलमधून ढकलते. आणि सीलच्या ओठाने शाफ्टवर खाच पाडली असेल तर नवं सीलही टिकत नाही, नख फिरवून बघा, खाच नखाला लागते.

नुसता ओलावा आहे, थेंब पडत नाही. करायचं का काही?

पंचवीस वर्षांच्या गाडीला एवढं चालतं. पुसा, दर महिन्याला लेव्हल बघा.

गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही, लेव्हल बघायची कशी?

याच प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. इंजिनचं ऑइल आपण बघतो कारण काडी आहे, लाल दिवा आहे. या बॉक्सला काडीही नाही आणि दिवाही नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. आवाज आणि गळती अशी दोन दुखणी मला वेगळी वाटतच नाहीत. आधी गळतं, मग लेव्हल उतरते, मग बेअरिंग कोरडं चालतं, मग घूं घूं येतं. आपल्याला कळतं ते शेवटचं.

माझंच सांगतो. २०१७ मध्ये सप्तशृंगी गडावर जायच्या आधी एका गॅरेजमध्ये एक्सलचा बूट बदलून घेतला. एक्सल बाहेर ओढला की त्या भोकातून गिअर ऑइल वाहून जातं, हे काम करणाऱ्याला माहीत असतंच, पण परत भरायचं राहिलं आणि मीही विचारलं नाही. नांदुरीचा घाट चढून उतरलो, काही झालं नाही. तीन आठवड्यांनी दिंडोरी रोडला बारीक शिट्टीसारखा आवाज आला, मी म्हटलं टायर असेल. अजून एक महिना चालवली. शेवटी लेव्हल बघायचा नट उघडला तेव्हा करंगळी घालून बघितली तर ऑइल लागलंच नाही. दोन बेअरिंग आणि तिसऱ्या गिअरचा सेट गेला. वडील काही बोलले नाहीत, ते मला जास्त लागलं.

तर लेव्हल. गाडी अगदी सपाट जागी पाहिजे, चढावर बघितलेली लेव्हल खोटी असते. खाली शिरायचं असेल तर खड्डा असलेलं गॅरेज उत्तम, नाहीतर जॅक स्टँड लावा. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर ठेवलेल्या गाडीखाली झोपू नका, वीट न सांगता फुटते. आणि जॅकवर गाडी एका बाजूने उचलली की सपाटी गेली, म्हणून दोन्ही टोकं सारखी उचला. बॉक्सच्या बाजूला लेव्हलचा नट असतो, तो काढला की ऑइल भोकाच्या खालच्या काठापर्यंत पाहिजे. थोडं ओघळलं तर छान. करंगळी वाकवून लागत नसेल तर भरा.

ऑइल बदलायचं असेल तर आधी वरचा लेव्हल नट सुटतोय का बघा, मगच खालचा ड्रेन नट उघडा. जुन्या गाडीत वरचा नट जाम असतो, खालचं सगळं सांडून बसलात आणि वरून भरता येईना तर गाडी तिथेच राहते.

कुठलं ऑइल? दुकानदार म्हणतो ९० नंबर, कुठलंही चालतं.

कुठलंही चालत नाही. डब्यावर जीएल-४ (गिअर ऑइलचा दर्जा) लिहिलेलं बघा. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसचे जास्त कडक अ‍ॅडिटिव्ह असतात, ते सिंक्रोच्या पितळी रिंगांना मानवत नाहीत. ग्रेड ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९०, थंडीत गिअर जड जात असतील तर ७५ वालं बरं. साधारण दोन लिटर बसतं, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. मी ४०,००० किमीला बदलतो, पावसाळ्यात पाण्यातून गेली असेल तर लगेच. गळतंय म्हणून जास्त भरून ठेवायचं हा उपाय नाही, जास्त भरलं तर सीलमधून अजून गळतं.

ड्रेन केलं तर नटच्या मॅग्नेटला काळा चिखल लागलाय!

राखाडी, लोण्यासारखी मऊ पेस्ट असेल तर ती रोजची झीज आहे, पुसून टाका. बोटाला टोचेल असा चुरा, कपचे, दाताचा तुकडा निघाला तर बॉक्स उघडायला लागणार. ऑइल उन्हात धरा, त्यात सोनेरी चमक दिसली तर ती पितळेची, म्हणजे सिंक्रो रिंग झिजतायत. जुनं ऑइल गटारात ओतू नका, आपल्याकडची गटारं शेवटी गोदावरीलाच मिळतात. डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या.

गाडी पुराच्या पाण्यात होती, गिअरबॉक्सचं काही होतं का?

होतं. २०१९ च्या ऑगस्टसारखा पूर आला, गोदाघाटावर दुतोंड्या मारुती (ज्या मूर्तीवरून आम्ही पुराची पातळी ओळखतो) बुडायला लागला की आजूबाजूला लावलेल्या गाड्या एक्सलच्या वर पाण्यात जातात. गरम बॉक्स एकदम थंड पाण्यात गेला की आत ओढ तयार होते आणि ब्रीदरमधून पाणी शिरतं. ऑइल चहात दूध घातल्यासारखं दिसलं तर पाणी आहे. लगेच काढा, नवं भरा, पन्नास-शंभर किलोमीटर चालवून परत काढा आणि परत भरा. ऑइलला दुप्पट पैसे जातात पण गंजलेली बेअरिंग त्याच्या कितीतरी पट.

आवाज आहे पण मुंबईला जायचंय, जाऊ का?

लेव्हल बघितली, ऑइल आहे, आवाज महिनोन्महिने तेवढाच आहे: जवळपास फिरा. लेव्हल बघितलेलीच नाही: आधी ते, मग बाकी. आवाज या आठवड्यात वाढलाय, किंवा घूं घूंचं रूपांतर खडखडीत झालंय: नका जाऊ. बेअरिंग फुटून बॉक्स जाम झाला तर पुढची चाकं अडकतात, आणि ते कसारा घाटात झालं तर काय होईल याचा विचार करा. एसटी आहे, रेल्वे आहे.

रिपेअर करू की सेकंडहँड बॉक्स टाकू?

एखादं बेअरिंग, सील, सिंक्रो असेल तर आपलाच बॉक्स करा, त्याचा इतिहास तुम्हाला माहीत आहे. केसिंगला तडा गेला असेल किंवा दोन-तीन गिअर एकदम गेले असतील तर जुना बॉक्स परवडतो. ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, पण रस्त्यावर इतक्या गाड्या होत्या की बॉक्स अजून मिळतात. घेताना इनपुट शाफ्ट हाताने फिरवा, वर-खाली हलवून बघा, खुळखुळला तर परत ठेवा. आत ऑइल उरलं असेल तर त्याचा रंग बघा. आणि बसवायच्या आधी एक्सलची दोन्ही सील आणि इनपुटचं सील नवीन टाका, बॉक्स टेबलवर असताना ते पाच मिनिटांचं काम आहे.

ओम्नीलाही हेच लागू का?

अर्धंच. ओम्नी मागच्या चाकांवर चालते, गिअरबॉक्स वेगळा, डिफरन्शियल मागे वेगळा, मध्ये दोघांना जोडणारा प्रोपेलर शाफ्ट. त्यामुळे मागून हूं आवाज आला तर क्राउन-पिनियन (मागच्या डिफरन्शियलचे मोठा-छोटा गिअर), निघताना ‘टक’ झालं तर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे त्याचा सांधा. लेव्हल दोन ठिकाणी बघायची, आणि मागच्या क्राउनला हायपॉइडचं जीएल-५ लागतं, ते पुढच्या बॉक्समध्ये घालू नका.

मेकॅनिकला नेमकं सांगायचं काय?

‘गिअरबॉक्सचा आवाज येतोय’ असं सांगू नका, मग तो गिअरबॉक्सच उतरवणार. सांगा की न्यूट्रलला येतो का नाही, क्लच दाबला की काय होतं, कितव्या गिअरला, किती स्पीडला, वळताना का सरळ, पाय दाबताना का काढताना. मोबाईलवर रेकॉर्ड करा, शक्य असेल तर त्याला शेजारी बसवून चक्कर मारा. आणि बूट, एक्सल, क्लच, काहीही काम केलं की गाडी ताब्यात घ्यायच्या आधी म्हणा, ‘दादा, गिअर ऑइलची लेव्हल माझ्यासमोर दाखवा.’ चांगला मेकॅनिक यावर चिडत नाही, नट उघडून दाखवतो.